फॉल रिव्हरच्या परसात ठेवलेलं पान

सकाळी मावशीला गाडीत बसवलं तेव्हा धुकं इतकं दाट होतं की समोरच्या घराचा मेलबॉक्ससुद्धा दिसेना. मी म्हटलं, "मावशी, आजचं कॅन्सल करू या का? परवा ऊन पडेल, तेव्हा जाऊ." सीटबेल्ट ओढत ती म्हणाली, "समुद्र काय तुझ्या उन्हासाठी अडून बसलाय? चल. आणि गाडी हळू हाक." झालं! सुमनमावशीपुढे आमच्या घरात आजवर कुणाचं चाललंय की माझं चालावं?

मावशी रेवदंड्याची. काका, म्हणजे तिचे यजमान, मालवाहू बोटीवर फिटर होते. अटलांटिक ओलांडताना एका सकाळी ते बोटीवर सापडले नाहीत, एवढंच कंपनीनं कळवलं. पडले की काय झालं, कुणी पाहिलं नाही. त्याला आता बारा वर्षं भरत आली होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की आपल्याकडे दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि मग बायकोनं कुंकू उतरवायचं. दर रविवारी मावशीच्या दिरांचा फोन यायचा, "वहिनी, तिथी धरू का?" आणि ही म्हणायची, "बघू." शेवटी त्या फोनला कंटाळून बाई बॉस्टनला माझ्याकडे आल्या. आल्या तर फोनही मागोमाग इकडे यायला लागला. येत्या रविवारी होय की नाही ते सांगायचंच, असं तिच्या त्या भावजींनी, म्हणजे दिरांनी, निक्षून बजावलं होतं. मावशीचं मात्र एकच, "शुभा, तो समुद्र मला एकदा दाखव."

नुसता समुद्र दाखवायला नेलं तर दिवसभर रडेल, अशी मला भीती. म्हणून इंटरनेटवरून एक टूर बुक केली. न्यू बेडफर्ड आणि फॉल रिव्हर ही इथली जुनी पोर्तुगीज गावं, आपल्यापुरता वेगळा गाइड, जेवण त्याच्या घरी. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाखाली वाढलेल्या बाईला तेवढाच विरंगुळा, असा माझा हिशेब. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, ऑफिस होतं, त्यामुळे आम्ही दोघीच निघालो. धुक्यात एक एक्झिट चुकवली आणि मावशीची बोलणीही खाल्ली.

न्यू बेडफर्डच्या धक्क्याजवळ गाइड उभा होता. मनुएल, साठी ओलांडलेला, डोक्याला चपटी टोपी, पोट पुढे. मावशीनं त्याला लगेच 'भाऊ' करून टाकलं. पोर्तुगालच्या बेटांवरून त्याचे आजोबा देवमाशांच्या शिकारीच्या बोटींवर इथं आले आणि इथलेच झाले. हे त्यानं सांगितलं, मी मराठीत मावशीला सांगितलं. दिवसभर माझं हेच काम होतं.

जुन्या गावातले रस्ते दगडगोट्यांचे. माझ्या सँडलची टाच दोनदा अडकली. धुक्यातून घरं एकदम समोर यायची आणि चार पावलं पुढे गेलं की मागे नाहीशी व्हायची. बऱ्याच घरांच्या छपरावर कठडा घातलेली इवलीशी गच्ची. मनुएल म्हणाला, "नवरा समुद्रावर गेला की बायका तिथं उभ्या राहून बोट दिसते का बघायच्या. त्याला विधवांची गच्ची म्हणतात."

"बघत होत्या तोवर विधवा कुठं होत्या त्या?" मावशी ताडकन म्हणाली. हे काही मी इंग्रजीत सांगितलं नाही.

तेवढ्यात तिनं वर बघून हात हलवला. मीही वर पाहिलं. एका गच्चीत कुणीतरी उभं होतं, कठड्याला दोन्ही हात टेकून. बाई असावी. धुकं सरकलं आणि पुन्हा दाटलं. मनुएलला म्हटलं, "कोण राहतं इथे?" तो म्हणाला, "कुणी नाही. खाली वकिलांची ऑफिसं आहेत. गच्चीचा जिना कुजला म्हणून कधीच बंद केला." मावशीला हे सांगावं की नाही, या विचारात मी होते. पण तिला इंग्रजी कळत नसलं तरी माणसाचं तोंड वाचता येतं. "नसेल राहत कुणी," ती शांतपणे म्हणाली, "मला दिसली. तिनं ओळख दाखवली नाही, एवढंच."

तिथून खलाशांच्या चॅपेलमध्ये गेलो. आत ओल्या लाकडाचा वास, बाकं रिकामी. आणि चारी भिंतींवर संगमरवरी पाट्या. अमुक बोट, अमुक समुद्र, वय इतकं. कुणी वादळात गेलेला, कुणी डोलकाठीवरून पडलेला, आणि कित्येकांपुढे नुसतं 'परतला नाही'. मावशीला मी एकेक वाचून दाखवत होते. माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटायला लागला, तेव्हा गप्प झाले.

"आणि यांची प्रेतं?" तिनं विचारलं.

"नाहीत. मिळालीच नाहीत, म्हणून तर पाट्या," मनुएल म्हणाला. मग टोपी काढून हातात धरली. "माझे वडीलही समुद्रातच गेले."

मावशीनं मान हलवली. एका पाटीवरून बोटं फिरवली आणि गार पडल्यासारखी ती बोटं पदरात गुंडाळून घेतली.

नंतर धक्क्याच्या टोकाला गेलो. ज्या समुद्रासाठी ही बाई सातासमुद्रापलीकडून आली, तो काही दिसेचना. पुढे सगळं पांढरं. खालून पाण्याचं चुबुक चुबुक, आणि दूर कुठेतरी बोटींना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खांबावरची घंटा, लाट येईल तशी वाजणारी. मावशी कडेला जाऊन "अहो" म्हणाली. एवढंच. हाक मारून उत्तराची वाट बघावी तशी ती थांबली. मला ते बघवेना, मी गाडीकडे आले. रडली असती तर बरं झालं असतं. पण ती कोरडीच परतली आणि म्हणाली, "चला, भूक लागली."

फॉल रिव्हर तिथून अर्ध्या तासावर. दगडी गिरण्यांचं गाव, गिरण्या बंद. वाटेत एका बेकरीत मासा सुव्हादा (अंडी घातलेला गोड, पिवळा पाव) घेतला. मावशीनं चाखून निकाल दिला, "आपल्याकडच्या पावाचा श्रीमंत भाऊ!" मनुएलच्या गल्लीत घराघराच्या ओट्यावर म्हाताऱ्या बसलेल्या, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. गाडी गेली तशी एकेक मान आमच्याबरोबर वळली. मनुएल म्हणाला, "नवरा गेला की जन्मभर काळं घालतात. जुनी पद्धत."

मनुएलची आई इनेस मात्र दारात उभी होती ती लाल फुलाफुलांच्या झग्यात. नव्वदीची असेल. मला ते खटकलं, पण पोटात कावळे कोकलत होते, विचार कोण करतो!

आता गंमत ऐका. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. तिथली ख्रिस्ती मंडळी अजून घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. मावशीची शाळेतली मैत्रीण तिथली, त्यामुळे हिला पाचपन्नास शब्द येतात. तिनं खिडकीबाहेर बोट दाखवून "मार" (समुद्र) म्हटलं मात्र, म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं मावशीचं मंगळसूत्र हातात घेऊन काही विचारलं. त्यातला नवरा हा शब्द मावशीला कळला. तिनं पुन्हा खिडकीबाहेर बोट केलं. म्हातारीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून खिडकीकडेच बोट केलं. दोघी हात धरून बसल्या.

जेवायला काल्दू व्हेर्द (बटाट्याचं, हिरवा पाला घातलेलं पातळ सूप) आणि खारवलेल्या माशाचा रस्सा. मावशीच्या सुपातले सॉसेजचे तुकडे मी गुपचूप माझ्याकडे घेतले. पण आम्हाला वाढण्याआधी म्हातारीनं एक ताट भरलं. मासा, बटाटे, पाव, पेलाभर वाइन. ते खिडकीपाशी वेगळ्या टेबलावर ठेवलं, खुर्ची थोडी मागे ओढून. मावशीनं माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. पितृपंधरवडा चालू होता.

जेवणं झाली. मनुएल घरची वाइन आणायला तळघरात उतरला, म्हातारी कॉफी करायला आत गेली, मी बाथरूममध्ये. बाहेर आले तर खिडकीपाशी ताट नाही, मागचं दार सताड उघडं आणि धुकं घरात शिरलेलं.

परसात द्राक्षाचा मांडव. पलीकडच्या भिंतीवर ताट ठेवून मावशी हात जोडून उभी!

"मावशी! अगं काय केलंस हे?"

"काय म्हणजे? बिचारीनं पान वाढलं आणि घरातच ठेवून दिलं. बाहेर ठेवायचं असतं हे इकडे कुणी शिकवलं नसेल. म्हटलं, आपण ठेवू. काव, काव!"

मनुएल बाटली घेऊन वर आला आणि दारातच थिजला. "ते वडिलांचं जेवण आहे," तो म्हणाला. "त्यांची बोट परतली नाही तेव्हापासून आई रोज वाढते. म्हणते, उशीर झालाय, येतील. झोपायच्या आधी गार झालेलं स्वतः खाते. ते ताट आमच्यात कुणी हलवत नाही."

मी मावशीला सांगितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे ती वाट बघतेय? अगं देवा, मी मेलीनं काय केलं हे!" ती ताट उचलायला धावली, तोच म्हातारी दारात आली. तिनं भिंतीवरचं ताट पाहिलं. मनुएलला काही विचारलं. तो माझ्याकडे बघायला लागला. आता काय सांगायचं, कपाळ? पण सांगावं लागलं. गेलेल्याच्या नावानं पान ठेवतो, कावळा शिवला तर तो तृप्त झाला. नाही शिवला तर त्याचं मन कशाततरी अडकलंय. मनुएलनं अडखळत आईला सांगितलं. वाटलं, ही आता किंचाळणार. ती पायरीवर बसली आणि तिनं हात मांडीवर ठेवले.

कावळे आले होते. आपल्याकडच्यांपेक्षा थोराड, काळेकुट्ट. मांडवावर दोन, मग तारेवर चार, मग शेजारच्या छपरावर ओळीनं. एकाही कावळ्यानं आवाज केला नाही. मासा समोर, तरी एकही खाली उतरेना. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. मला वाटलं पळून जावं.

कावळा शिवत नाही तेव्हा घरातल्यांनी काय करायचं, हे मावशीला पाठ. गेलेल्याला कबूल करायचं. ती पुढे झाली आणि त्या पोर्तुगीज माणसाला रेवदंड्याच्या मराठीत म्हणाली, "बाबा, मागची काळजी करू नका. मनुएल आईला नीट सांभाळतोय." कावळे ढिम्म. "तुमचं घरदार छान आहे." ढिम्म.

मग तिचे खांदे एकदम पडले. "अहो," ती म्हणाली. धक्क्यावर म्हणाली होती तेच, पण आवाज दुसरा. "बारा वर्षं मी तुम्हाला अडकवून ठेवलं हो. तुम्हालाही सुटता येईना, मलाही. आता नाही बोलावत. जा तुम्ही. माझं मी बघेन."

मांडवावरचा कावळा खाली उतरला. ताटाच्या कडेला बसला, मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं आणि चोच घातली. मग सगळेच उतरले. पंखांचा तो आवाज आजही माझ्या कानात आहे.

"गेले गं, शुभा," मावशी म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मीही रडले. मनुएल टोपीनं डोळे पुसत होता. म्हातारी उठली, भिंतीवरचं रिकामं ताट घेतलं आणि आत गेली. बराच वेळ झाला. कॉफी उतू जाऊन जळाल्याचा वास आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर काळा झगा होता. घड्या पडलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. असा झगा घरात आहे हे मनुएललाही ठाऊक नव्हतं. किती वर्षं तो पेटीत तयार ठेवून ती रोज ताट वाढत होती, देव जाणे.

तिच्या हातात एक काळी शालही होती. ती तिनं मावशीपुढे धरली.

मावशीनं शालीवरून हात फिरवला आणि ती परत म्हातारीच्याच खांद्यांवर नीट पांघरली. "मला नको, आजी," ती म्हणाली. "मी आहे अशीच त्यांना पोचवीन." म्हातारीला शब्द कळले नसतील, पण तिनं मावशीच्या कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं आणि मान हलवली.

परतीच्या वाटेवर धुकं विरलं. गाडीत मावशी गाढ झोपली होती. मला राहून राहून वाटत होतं, चूक झाली खरी, आणि तरी ती झाली नसती तर? कुणाचं जेवण आपण उचलून बाहेर ठेवावं हा अधिकार आपल्याला कुणी दिला? मनुएलचे वडील जिवंत असते तर, हा खुळा विचारही येऊन गेला. पुन्हा तशी टूर घेण्याची आता हिंमत नाही.

घरी आल्यावर मावशीनं रविवारची वाट बघितली नाही. मला कॉलिंग कार्डचा नंबर फिरवायला लावला. तिकडे भावजी नुकते उठले असावेत.

"भावजी, तिथी धरा. मी येते. अग्नी मी देणार, तुम्ही नाही. आणि कुंकवाचं कुणी माझ्याशी बोलायचं नाही." पलीकडून बरंच काही आलं. तिनं ते ऐकून घेतलं, मग मध्येच थांबवलं. "ते राहू द्या. पुतळा करताना एक लक्षात ठेवा. माझ्या कपाटात खालच्या खणात त्यांचा जुना चष्मा आहे, तो घाला. त्याच्याशिवाय त्यांना दोन पावलांवरचं दिसत नाही. परत वाट चुकायला नको."