नानांनी निवडलेलं मशीन

नाना पत्ता लिहिण्याआधी मोठ्याने वाचायचे आणि वाचता वाचता गिऱ्हाइकाला झापायचे. "उलवे, सेक्टर हाय, बिल्डिंगचं नाव नाय. आता कुरिअरवाल्यानं काय दारोदार आरती म्हनत फिरायचं?" मग त्याच गिऱ्हाइकाला फोन लावायचे, तेव्हा आवाजात साखर. "ताई, तुमच्या घराखाली मेडिकल हाय का डेअरी?" जे कळेल ते खोक्यावर लिहायचे, ठसठशीत अक्षरात.

ऐरोलीला आमच्या मॅडमचं केसांच्या तेलाचं छोटं ऑफिस. मी दिघ्याहून जायची, बाटल्या खोक्यात बांधायची. पत्ते नानांचे. ते खाडीकाठच्या जुन्या गावचे. जमीन गेली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, आणि नाना त्याच इमारतींचे पत्ते लिहीत बसले. हे ते हसत सांगायचे. रडगाणं गायले असते तर मी शेजारी बसले नसते.

धंदा वाढला. मॅडम म्हणाल्या, "नाना, पत्ते छापायचं मशीन घेऊ. कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा." बोकडालाच सुरी निवडायला सांगितल्यासारखं झालं. मशीन आलं की नानांचं काम संपलं, हे मॅडमला कळत होतं, नानांना कळत होतं, मलाही कळत होतं.

पहिला विकणारा आला. म्हणाला, "काका, याला शाईच लागत नाही."

"मंग लिवतो कशानं? मंतरानं?"

"गरमीनं. कागद तापतो, अक्षर उमटतं."

"आनि आमच्या टेम्पोत तापला तर?"

तो हसला. नाना हसले नाहीत. नमुन्याच्या चिठ्ठीवर त्यांनी स्वतःचाच पत्ता छापून घेतला. दुसऱ्याचा पत्ता खेळायला घ्यायचा नसतो म्हणे. मग माझ्या हाताचं तेल त्यावर चोळलं आणि चिठ्ठी खिडकीच्या गजाला चिकटवली. आमच्याकडे प्रत्येक खोक्याला तेलाचं बोट लागतंच. मी कितीही पुसलं तरी. दोन दिवसांत अक्षर पुसट झालं. नाना खूष. "बघ मावशी, मी उन्हात उडालो."

दुसऱ्या मशीनची शाई ओल्या बोटानं पसरली. तिसऱ्यात कार्बन पेपरसारखी काळी पट्टी होती, तिच्यातून अक्षर कागदावर उतरायचं. त्या चिठ्ठीला तेल चोळलं, पाणी मारलं, उन्हात टाकली, शेवटी नखानं खरवडली. अक्षर हललं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी स्पष्ट सांगितलं, "नाना, ते बिनशाईचं घ्या. महिन्यात पार्सलं परत येतील. मॅडम कपाळाला हात लावतील आणि तुम्हालाच पेन देतील."

नानांनी डबा बंद केला. "बाई, तुझी अक्कल तेलात पडली काय? त्या उलव्याच्या ताईनं पैसे भरलेत. माझ्या नोकरीपायी तिच्या डोक्याला तेल मिळू नये?"

"तिचं डोकं राहू दे. तुमचं काय?"

"माझ्या डोक्यावर केस तरी हायेत का?"

त्यांनी तिसरंच सांगितलं. मॅडमनी विचारलं, नक्की ना? म्हणाले, "नक्की. पट्टीचे दोन रोल जास्तीचे मागवा." मशीन आलं तेव्हा पट्टी कशी घालायची ते मलाही शिकवलं. मी चौथी शिकलेली, दोनदा उलटी घातली. "सुलटी बाजू तुला नवऱ्यातही सापडली नसेल," म्हणाले. मी म्हटलं, "नव्हतीच त्याला."

महिन्याभरानं त्यांनी स्वतःहून काम सोडलं. मॅडमनी शाल-नारळ आणला, तर शाल परत केली. उकडतं म्हणाले. नारळ घेतला. जिना उतरताना मागे वळून वगैरे काही पाहिलं नाही. मीही बाटल्या खोक्यात भरत होते.

गेल्या वर्षी नाना वारले. मशीन इतक्या वर्षांनीही चालू आहे. एक दिवस बंद पडलेलं नाही, एक चिठ्ठी पुसलेली नाही. जरा वाईट निवडलं असतं, तर अजून काही वर्षं शेजारी बसून मला बोलले असते. पण म्हाताऱ्याला वाईट काम जमतच नव्हतं.