धूर तेवढा सुटला

दवाखान्याच्या पायरीवर आमचे शेजारी शिंदे तंबाखू मळत बसले होते. तळव्यावर चुना, त्यावर फिरणारा अंगठा, मग दोन थापा. सिगारेट सोडणाऱ्यांना पैसे देऊन पाहण्याच्या एका संशोधनात त्यांनी नाव दिलं होतं. आत्ताच यंत्रात फुंकर मारून, बक्षिसाचं पाकीट घेऊन ते बाहेर आले होते.

"मग हे काय?" मी विचारलं.

"यंत्र श्वासातला धूर बघतं. हे कुणी विचारलंच नाही."

मळलेली तंबाखू एकट्याने खायची नसते, म्हणून त्यांनी हात माझ्यापुढे केला. मी नको म्हणून मान हलवली.

आता अहवालात शिंदे व्यसनातून सुटलेल्यांत मोजले जाणार. पैसा दिला की माणूस सुधारतो, असं कुणीतरी त्यावरून भाषणात सांगणार. जे मोजायला सोपं तेवढंच विचारायचं आणि उत्तर आलं की आजार गेला म्हणायचं, ही आपली जुनी खोड. व्यसनाने नुसती जागा बदलली, छातीतून गालात.

तपासणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. "अभिनंदन काका. आता कसं वाटतंय?"

शिंद्यांनी हसून हात जोडले. बोलायला तोंड रिकामं नव्हतं.