गणपतीच्या सोंडेवरचा मास्क

भेडाघाटच्या रस्त्यावर एक कारागीर संगमरवराचे गणपती कोरत बसे. छिन्नीचे दोन ठोके, मग देवाच्या चेहऱ्यावर फुंकर, मग खोकला. सुरक्षा सप्ताहात कुणा साहेबांनी स्वतःच्या गळ्यात हार घालून घेऊन कारागिरांना मास्क वाटले होते. त्याने आपला मास्क पॉलिश झालेल्या गणपतीच्या सोंडेवर बांधला होता.

"तुम्ही काहून नाही लावत?" मी विचारलं.

"मग फुंकर कशी मारू, भैया? देवाचं तोंड काय झाडूनं साफ करू?"

मी हसलो आणि एक गणपती घेऊन आलो.

यंदा तिथे त्याची बायको एकटीच उरलेल्या मूर्ती विकत होती. "त्यांच्या छातीत दगडाची धूळ भरली होती," ती म्हणाली.

माझ्या गणपतीच्या कानामागे थोडी पांढरी भुकटी राहिली आहे. तेव्हा मला तो त्याचा आळस वाटला होता. त्याची फुंकर तिथवर पोचली नव्हती.