मशीन बसवलं, मंग गोळ्या कशाला?

दवाखान्यात कंपाउंडरकी केलेल्या माणसापाशी दोन गोष्टी साचतात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से! बाटल्या तरी पेशंट मिक्श्चर भरून घेऊन जातात. किस्से कोणीच नेत नाही, ते आपल्यापाशीच राहतात. जाफराबादच्या दवाखान्यात सत्तरच्या दशकातली माझी सगळी वर्षं गेली. तेव्हाचे किस्से सांगायला बसलो तर साळवे गुरुजींपासूनच सुरुवात करावी लागते. कारण आमच्या भागात छातीत मशीन बसवून आलेला पहिला माणूस म्हणजे गुरुजी!

*

गुरुजी शाळेत गणित शिकवायचे. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, पण आवाज असा, की त्यांचे पाढे एसटी स्टँडवर ऐकू यायचे.

एके दिवशी वर्गात त्यांनी विचारलं, "सतरा साते?" आणि खुर्चीवरून सरळ खाली!

शाळेच्या बाकावर घालून त्यांना दवाखान्यात आणलं. डॉक्टरसाहेबांनी मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत राहिले. मिनिटाला जेमतेम तीस ठोके.

तेवढ्यात गुरुजींनी डोळे उघडले. बाकाभोवती उभ्या पोरांकडं बघितलं आणि म्हणाले, "सांगितलं का कुणी, सतरा साते?"

"गुरुजी," डॉक्टरसाहेब ओरडले, "गप पडून राहा! आत्ता मी मोजून राह्यलोय!"

*

हृदय ठोके द्यायचं विसरतंय, मुंबईला जाऊन ठोक्यांचं मशीन, म्हणजे पेसमेकर, बसवावं लागेल, असं ठरलं. गुरुजी गेले आणि दीड महिन्यानं परत आले. स्टँडवर अर्धं गाव जमलं होतं. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, बूटपॉलिशच्या डबीएवढा उंचवटा. लोक नुसते टकामका बघत होते.

एका म्हातारीनं विचारलं, "त्याच्यात गाणे लागतेत का, गुरुजी?"

"लागतेत की मावशी. पण मलाच ऐकू येतेत."

गुरुजी हे गमतीनं बोलले. पण दुसऱ्या दिवसापासून लोक येऊन त्यांच्या छातीला कान लावायला लागले! त्यात पहिला नंबर जगन्नाथ पाटलांचा. पाटील म्हणजे गुरुजींचे शेजारी. पहिलीपासून दोघं एका पाटीवर शिकलेले. पाटलांनी दोन मिनिटं कान लावला, मान डोलावली आणि बाहेरच्यांना सांगितलं, "आत्ता बातम्या लागून राह्यल्या. गाणे मागून हायेत."

*

गुरुजींच्या घरी विमलबाईंचा कारभार. मशीनला कशानं बाधा येईल याची त्यांनी मनाशीच एक यादी केली होती. रेडिओ बंद. गुरुजींनी सायकलीला हात लावायचा नाही. आणि पिठाच्या गिरणीपुढून तर बिलकुल जायचं नाही. गिरणी नेमकी शाळेच्या रस्त्यात! त्यामुळे गुरुजी सगळ्या गावाला वळसा घालून शाळेत जायचे.

शेवटी ते कंटाळले आणि विमलबाईंना घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टरसाहेबांनी समजावलं, "बाई, रस्त्यानं जाता जाता गिरणीपुढून गेलं तर काही होत नाही."

"बराबर का?"

"बराबर."

"पक्कं?"

"पक्कं. मी सांगतोय ना!"

विमलबाईंनी पदर सारखा केला. "तुमचं काय जातंय सांगायला, डॉक्टरसाहेब? तुमचा नवरा हाय का तो?"

गुरुजी शेवटपर्यंत वळसा घालूनच शाळेत गेले.

*

आता जरा काळजीचा किस्सा सांगतो.

गुरुजींना ब्लडप्रेशर पहिल्यापासूनच. मुंबईच्या डॉक्टरांनी मशीन बसवून पाठवताना दोन गोळ्या चालू ठेवल्या होत्या. एक प्रेशरची, एक अंगात पाणी साचू नये म्हणून. सुरुवातीला गुरुजी न चुकता गोळ्या न्यायला यायचे. मग यायचे बंद झाले. मला वाटलं, जालन्याहून कोणी आणून देत असेल.

एका दुपारी पाटलांबरोबर ते दवाखान्यापुढून चालले होते. त्यांच्या पायात पाटलांच्या चपला, आणि पाटील अनवाणी!

"गुरुजी, चपला कुठं गेल्या तुमच्या?"

"आटल्या रे. भिजल्या असतील कुठंतरी. पाऊलच जाईना आत."

चार शब्द बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मी खाली वाकून त्यांच्या पावलावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच! लगेच त्यांना हाताला धरून आत नेलं.

डॉक्टरसाहेबांनी छाती तपासली, पाय बघितले, प्रेशर मोजलं. मग फक्त एक शब्द विचारला, "गोळ्या?"

गुरुजी छताकडं बघायला लागले. साऱ्या शाळेला धाकात ठेवणारा माणूस, पण चेहरा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा.

"म्या सांगितलं त्याला," पाटील पुढं झाले. "डॉक्टरसाहेब, नवं इंजन बसवलं. मंग औषध कशाला? जुन्या इंजनाला खटपट लागती, नव्याला कशाला?"

मला वाटलं, डॉक्टरसाहेब आता भडकणार. पण ते खुर्चीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "पाटील, बैलाला पराणी टोचली की तो पाऊल उचलतो. बराबर?"

"बराबर."

"मग पराणी आहे म्हणून तुम्ही त्याचा चारा बंद करता का?"

"छ्या! मरंल ना तो!"

पाटील बोलून गेले आणि त्यांचं तोंडच उतरलं. ते गुरुजींच्या सुजलेल्या पायांकडं बघत राहिले.

"मशीन फक्त ठोका चुकू देत नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "प्रेशर उतरवणं, अंगातलं पाणी काढणं, हे त्याचं काम नाही. ते ह्या गोळ्यांचं. मशीन त्याचं काम करतंय, तुम्हीच तुमचं सोडलंत, गुरुजी!"

सुई दिली, गोळ्या पुन्हा चालू केल्या, मीठ बंद केलं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पाटील गोळीच्या टायमाला पाण्याचा तांब्या घेऊन गुरुजींच्या दारात हजर. गुरुजींनी गोळी गिळली की म्हणायचे, "आ कर." जिभेखाली बघायचे. मगच जागचे हलायचे!

दहाव्या दिवशी गुरुजी दवाखान्यात आले ते स्वतःच्या चपला घालून. पायऱ्या चढून आले, आणि दम बिलकुल लागला नाही! मी खाली बघितलं, पावलावरच्या शिरा मोजता येत होत्या. डॉक्टरसाहेब तर हसायलाच लागले.

मागं पाटील उभे. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "चपला आटल्याच नव्हत्या साल्या!"

*

वर्षभरात दुसरं मशीन आलं. हसनाबादच्या अंजनाबाईंना. बाई शेतकऱ्याघरच्या, तोंडानं फटकळ. त्यांचेही ठोके मंद झाले होते. मुंबईहून आल्यावर त्या एसटीनं आमच्याकडं दाखवायला आल्या. येताना घरून भली मोठी पिशवी आणली होती, औषधं न्यायला!

डॉक्टरसाहेबांनी सगळं तपासलं, मुंबईचा कागद दोनदा वाचला. म्हणाले, "मावशी, तुमचं प्रेशर चांगलं आहे. सूज नाही, दम नाही. तुमचा फक्त ठोका मंद होता, ते मशीननं भागलं. तुम्हाला हृदयाची गोळी नको. तपासायला मात्र येत जा."

मावशी जागच्या हलेनात. बाहेर बाकावर गुरुजी बसले होते, हातात गोळ्यांची पुडी. मावशींनी ती पुडी बघितली.

"त्यायलाबी मशीनच हाय ना?"

"हो. पण त्यांना प्रेशर आहे, त्यांच्या अंगात पाणी साचतं. ज्याला जो आजार, त्याची गोळी."

"त्यायला दोन, अन् मला एकबी न्हाई? म्या बाईमाणूस म्हणून व्हय?"

गुरुजी मोठ्या मनाचे. पुडी पुढं करत म्हणाले, "अंजनाबाई, माझ्यातली एक घेता का?"

"खबरदार!" डॉक्टरसाहेब आतून एवढ्या जोरात ओरडले, की माझ्या हातातली बाटली निसटता निसटता राहिली.

मावशी रिकामी पिशवी घेऊन गेल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या असतील. पुढच्या आठवड्यात हसनाबादचा एक पेशंट आला, त्यानं सांगितलं की मावशी तर गावभर खुशीत सांगत फिरतायत, "जाफराबादच्या गुरुजीचं मशीन कच्चं निघालं. त्याला गोळ्या लागतेत. माझं पक्कं हाय!"

*

आता शेवटचा.

आमच्या डॉक्टरसाहेबांना स्वतःलाच ब्लडप्रेशर निघालं. आम्हाला पत्ताच नाही! दुसऱ्याला पथ्यपाणी सांगणारा हा माणूस, स्वतःची गोळी टेबलाच्या खणात टाकून मोकळा! विमलबाई एकदा डॉक्टरांच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. तिथं वहिनींच्या तोंडून ते निघून गेलं. विमलबाईंनी घरी येऊन गुरुजींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना गच्च भरलेला. शाळेला निघालेले गुरुजी आत शिरले. नंबर नाही, काही नाही, सरळ टेबलापाशी. खण उघडला, एक गोळी काढली. माझ्याकडं बघून म्हणाले, "पाणी आण."

मी आणलं.

"डॉक्टरसाहेब, उभे राहा."

डॉक्टरसाहेब उभे राहिले! खरंच सांगतो, स्टेथोस्कोप गळ्यात तसाच, आणि शाळेत राहावं तसे ताठ उभे!

"हात पुढं."

हात पुढं झाला. गुरुजींनी तळव्यावर गोळी ठेवली. वीस-पंचवीस पेशंट बघत होते.

डॉक्टरसाहेब कसनुसं हसले. "अहो गुरुजी, मला काय मशीन बसवलंय का?"

"न्हाई ना? म्हणूनच," गुरुजी म्हणाले. "आ करा."