पावतीआबा आणि माझा डावा हात

जळगावच्या बाजारात वांग्यांची पावती मागणारा माणूस एकच होता. भरताची वांगी निवडून घ्यायची, पैसे द्यायचे आणि मग पिशवी धरून शांत उभं राहायचं. भाजीवाली म्हणायची, "वांगानी कोठे पावती शे का, आबा?" आबा खिशातून कोरा कागद आणि पेन काढून तिच्यापुढे धरायचे. ती हसत चार रेघोट्या ओढून द्यायची. आबांचं तेवढ्यावर समाधान व्हायचं. ते वकील होते, पण वकीलसाहेब त्यांना कुणी म्हणत नसे. सगळ्या बाजारात ते पावतीआबा.

मला तो माणूस आधी मुळीच आवडला नव्हता. मी धरणगावची. नवरा गेल्यावर काळा मसाला करून विकू लागले, चार बायका हाताशी घेतल्या. पाकिटावर माझंच नाव, कमळाक्का. माझी सून नलू म्हणाली, नाव सरकारात नोंदवून घेऊ, नाहीतर कुणीही उचलेल. म्हणून आबांकडे गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून एक पाकीट नेलं. आबांनी लगेच पैसे टेबलावर ठेवले.

"राहू द्या आबा, घरचं आहे."

"घरचं घरी. इथे मी गिऱ्हाईक. पावती द्या."

नलूने पावती लिहून दिली. धरणगाव येईपर्यंत मी बसमध्ये धुसफुसत होते. शिकलेला माणूस एवढा शिष्ट असतो का, असं मला झालं होतं. पुढे कित्येक वर्षं ते माझा मसाला खात राहिले, पण एक पाकीट फुकट घेतलं नाही.

पाकिटावर पेंटरने माझं चित्र काढलं होतं. डोक्यावर पदर, पुढ्यात खल, हातात बत्ता. मी डावखुरी, म्हणून त्याने बत्ता डाव्या हातात दिला. माझ्या नणंदेने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, डावा हात कसाले काढस? खावानी वस्तू शे. बठ्ठा लोक हासतीन." मलाही ते पटलं. पेंटर हात बदलायला तयार होता. आबांनी विचारलं, "तुम्ही कांडता कुठल्या हाताने?"

"डाव्या."

"मग डावाच राहू द्या. खोटं चित्र सांभाळायला फार मेहनत पडते."

चित्राचा हक्क मला दिला, असं आबांनी पेंटरकडून लिहून घेतलं आणि त्याला दिलेल्या पैशांची पावतीही घेतली. पेंटर मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, पुन्हा या माणसाचं काम आणू नका."

मसाला बरा चालला. मग एक दिवस कॅनडातून फोन आला. बाई मूळची चाळीसगावची. नमस्कार नाही, काही नाही, थेट भांडायलाच लागली. "अक्का, मसाल्यात काय घालता हो तुम्ही? भाजी केली तर जीभ लाल झाली. माझ्या पोराचं पोट बिघडलं."

"बाई, मी काळा मसाला करते. जीभ लाल कशी होईल?"

तिने पाकिटाचा फोटो पाठवला. नाव माझं, तोंड माझं, पाकीट माझं नव्हतं. तिने ते फोनवरच्या दुकानातून मागवलं होतं. तोवर तिने सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं होतं आणि नातेवाईक सगळे आपल्याच भागातले. महिनाभरात जळगावच्या दुकानदाराने माझी खोकी परत पाठवली. हाताखालच्या बायका बसून राहिल्या. कुणा परक्याने रंग विकायचा आणि शिव्या माझ्या नावाला, हे मला सोसणारं नव्हतं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "कॅनडात तुम्ही माल कधी विकला?"

"विकला कुठे? ज्याची लेक, ज्याचा जावई तिकडे निघाला, त्याच्या बॅगेत घातला."

"पैसे घेतले?"

"पाहुण्याकडून पैसे घेतात का?"

आबांनी डोळे मिटले. "अक्का, तुमच्या दानतीला पावती नाही." मग समजावून सांगितलं. नावाची नोंद आपल्या देशापुरती. तिकडे हक्क सांगायचा तर तिकडे नोंद हवी, नाहीतर तिकडे विकल्याचा पुरावा तरी हवा. मी वाटला होता भरपूर, विकला एक चिमूट नव्हता. नोंदीचा अर्ज तिकडच्या वकिलामार्फत लगेच टाकला. किती वेळ लागेल विचारलं, तर म्हणाले, "नातवाच्या लग्नाचा मुहूर्त काढायला घ्या."

"मग तोवर? बाई कॅनडात, विकणारा भलत्याच तिसऱ्या देशात. धरायचं कुणाला?"

"माणूस धरायचा नाही. त्याचं दुकानातलं पान बंद करायचं. आधी आपण माल विकत घ्यायचा."

त्याच चाळीसगावच्या बाईला त्यांनी ते पाकीट पुन्हा मागवायला लावलं आणि पावतीसकट इकडे पाठवायला सांगितलं. ते आल्यावर मी उघडून चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकले. धण्याचा भुसा आणि रंग. आबा चवीकडे बघतच नव्हते. ते चित्राकडे बघत होते. आणि ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

"अक्का, बत्ता डाव्या हातात आहे."

आबांनी आधीच केलेल्या तक्रारीला विकणाऱ्याने उत्तर दिलं होतं की ही कुठलीही हिंदुस्थानी बाई आहे, असली चित्रं सगळीकडे मिळतात. आबांनी नलूला माझा कांडतानाचा फोटो काढायला लावला. पेंटरचा कागद आणि पावती जोडली. चित्राचा हक्क बहुतेक सगळे देश मानतात, त्याला वेगळी नोंद लागत नाही, असं ते म्हणाले. फोनवरच्या दुकानाला त्यांनी लिहिलं, की मनाने चित्र काढणारा बत्ता उजव्या हातात देतो, डाव्या हातात देतो तो नक्कल करणारा. ते पान बंद झालं. मग दोन्ही पाकिटं घेऊन आबा स्वतः जळगावच्या दुकानदाराकडे गेले आणि त्याच्यापुढे शेजारी-शेजारी ठेवली. त्याने माझा माल परत घेतला. कॅनडातल्या बाईनेही फोन केला आणि रडली. मी म्हटलं, रडू नको, ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांना आता हे सांग.

दोन महिन्यांनी दुसऱ्या नावाच्या दुकानात माझं तोंड पुन्हा दिसलं. मी वैतागले. आबा म्हणाले, "गाजरगवत आहे अक्का. उपटायचं, पुन्हा उगवलं की पुन्हा उपटायचं. तुम्ही शेत सोडून देता का?" आणि पुन्हा पाकीट मागवायला सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. कॅनडातली नोंद त्यानंतर झाली. ती त्यांना बघायला मिळाली नाही. नातवाचं लग्नही अजून व्हायचंय. मी त्यांच्या घरी गेले, पाकीट घेऊनच. त्यांच्या बायकोने, माईंनी, ते हातात घेतलं आणि आत जाऊन पैसे आणले. मी घेतले. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्या घरात ते शोभलं नसतं. पावती मी आधीच लिहून नेली होती.

आता कुणी परदेशी निघालं तर मी मसाला देते, पण पैसे घेते आणि पावती देते. नणंद सगळ्या गावात सांगते, वहिनी म्हातारपणी चिकट झाली. सांगू दे.

परवा नलूने फोन पुढे केला. नवीन दुकान, कॅनडातच विकतंय. कमळाक्का, डोक्यावर पदर, पुढ्यात खल. पण बत्ता उजव्या हातात.

"आत्याबाई, हात बदलला मेल्यांनी. आता काय दाखवायचं?"

"आता तिथे नाव आपलं आहे. हात कुठला का असेना," मी म्हटलं. "तू आधी विकत मागव. आणि पावती सांभाळ."