त्रेसष्टावा फॉर्म

खोक्यांच्या कारखान्यातल्या हजेरी कारकुनाला सगळे 'टाचणी' म्हणत. कॉलरला सदा दोन-तीन टाचण्या खोचलेल्या आणि बोलणंही तसंच. तीस वर्षं लोकांचे रजेचे अर्ज वाचण्यात गेली. बावन्नाव्या वर्षी गड्याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, व्यवस्थापनात पीएच.डी. करायला नाव घातलं. बायको म्हणाली, "गुडघे दुखतात म्हणून माडीवर जात नाही, आणि स्वारी निघाली डोंगर चढायला." लेकीला मात्र कौतुक, फी भरायच्या रांगेत तीच उभी राहिली.

गाईड मॅडम लेकीच्याच वयाच्या. विषय ठरला, कामगार न सांगता गैरहजर का राहतात. टाचणी म्हणाला, यात शोधायचं काय, आळशी आहेत झालं. मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला आणि सांगितलं की ठाऊक आहे ते आधी बाजूला ठेवा, मग विचारायला जा. आता तीस वर्षांचं ठाऊक असलेलं ठेवायचं कुठे? त्यातच तीन वर्षं सरली, दोनदा मुदतवाढ झाली. येत्या शुक्रवारची विद्यापीठाच्या समितीची बैठक शेवटची होती. काम पटलं नाही तर नाव कमी होणार होतं.

मस्टर पुढ्यात घेऊन त्याने बासष्ट नावं काढली, बासष्ट जणांना प्रश्नांचे फॉर्म वाटले. एखादा खराब झाला तर असावेत म्हणून चार कोरे कॅन्टीनच्या टेबलावर ठेवले. शेजारी कुलपाची पेटी. फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं.

दुपारी तीनला पाळी बदलते तेव्हा तिथली यंत्रं दहा मिनिटं बंद असतात. ती दहा मिनिटं कुणालाच आवडत नाहीत. गोंगाटाला सरावलेले कान उगाच काहीबाही ऐकू लागतात. नेमकी त्याच वेळी त्याने पेटी उघडली आणि फॉर्म मोजले. त्रेसष्ट भरले. बोटाला थुंकी लावून पुन्हा मोजले. त्रेसष्टच.

आणि इथे त्याची जुनी खोड आडवी आली. नाव नसलं म्हणून काय झालं? कारखान्यातल्या प्रत्येकाचं अक्षर त्याला पाठ. हा क्रेनवाल्याचा, हा गोंदवाल्याचा, असं करत त्याने बासष्ट बाजूला काढले. हातात एक उरला. कुणीतरी मागून ओढत असल्यासारखी डावीकडे रेललेली अक्षरं, पेन इतकं दाबलेलं की कागद भोसकला गेलेला. असं अक्षर एकाच माणसाचं, कटिंग मशीनवरच्या उंच्याचं. उंच्या तर सहा वर्षांपूर्वी मशीनपाशीच कोसळून गेला होता. मस्टरवर त्याच्या नावावर लाल रेघ टाचणीनेच मारली होती.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं, 'मी गैरहजर राहत नाही. रोज येतो. मस्टरवर नाव नाही.'

टाचणीने पान उलटलं. चौदावा प्रश्न होता, रजा मागितली तेव्हा काय झालं? 'मागितली होती. कारण पुरेसं नाही म्हणालात.'

छातीत जड वाटतं म्हणून उंच्याने दोन दिवस मागितले होते. टाचणीने हाच शेरा मारून अर्ज परत केला, आणि तिसऱ्या दिवशी तोच अर्ज मयताच्या खिशातून काढून बारीक फाडला. तो शेरा जगात दोघांनाच ठाऊक होता, त्याला आणि उंच्याला.

मॅडमना त्याने आकडा आणि अक्षर सांगितलं, अर्जाची गोष्ट मात्र गिळली. त्या आधी चिडल्याच. नाव नको असा शब्द दिला होता ना, मग अक्षर कसलं ओळखत बसलात? मग त्यांनी विचारलं, "मस्टरवर नसलेले किती जण रोज कारखान्यात येतात?" टाचणीने ते कधी मोजलेच नव्हते. कंत्राटी हमाल, झाडूवाल्या, पहारेकरी रोज त्याच्या खिडकीवरूनच जात.

तो हमालांकडे गेला आणि जास्तीचा फॉर्म कुणी टाकला का, एवढंच विचारलं. उंच्याचा धाकटा भाऊ पाठीवरचं ओझं उतरवून पुढे आला.

"मीच टाकला, साहेब. दादाने लिहायला शिकवलं, म्हणून हौस आली."

टाचणीचा जीव भांड्यात पडला. तो चक्क हसला. गुरूचं अक्षर चेल्याने उचललं, एवढंच ना!

"पण मागचं पान मी कोरं सोडलं," हमाल म्हणाला. "सगळं रजेचंच होतं. आम्हाला रजाच नाही तर लिहू काय?"

टाचणीने पान उलटून दाखवलं. हमालाने फाटलेल्या कागदावरून बोट फिरवलं. मग हलकेच म्हणाला, "हे दादाचं आहे."

शुक्रवारी तो एक फॉर्म दप्तरातच राहू दिला असता तर बासष्टाला बासष्ट जुळलं असतं. टाचणीने त्रेसष्ट टेबलावर ठेवले. यादी मस्टरवरून केली ती चूक माझी, म्हणाला. एका पानाचा लिहिणारा सापडत नाही. आणि तो फाडलेला अर्जही सांगून टाकला. समितीतले सगळ्यांत वयस्कर सर फॉर्म मोजत राहिले. शेवटी म्हणाले, "नाव कमी करत नाही. वर्षभर घ्या. जे यादीत नाहीत त्यांना विचारून या."

सोमवारी तीनला यंत्रं थांबली. टाचणीने कटिंग मशीनपाशी दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर बसला, वहीत तारीख घातली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला चौदावा प्रश्न विचारला. मध्ये बोलला नाही, घाई केली नाही.

दहा मिनिटांनी यंत्रं सुरू झाली तेव्हा त्याचं पान अर्धं भरलं होतं. अक्षर त्याचंच होतं, फक्त डावीकडे रेललेलं.