दुसरीच्या लग्नातली कविता

सिलेसियातल्या त्या खाणींच्या गावात ओटिलिया श्चेपानिक मुलींच्या शाळेत शिकवायची आणि कविता करायची. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. वडील खाणीत गाडले गेले होते, आईला दिसत नव्हतं. घर चालायचं ते ओटिलियाच्या नोकरीवर.

खाणीतला सुतार आलोयझी तिला आवडायचा. रविवारी तो जेवायला यायचा, बटाट्याचे गोळे नि लाल कोबी मन लावून खायचा आणि हात पुसून तिची वही मागायचा. तिच्या कविता मोठ्यानं वाचणारा तो एकटाच. पण तिकडे कायदाच असा होता, की शिक्षिकेनं लग्न केलं की नोकरी गेली. नोकरी राखून लग्न करू द्या, म्हणून ओटिलियानं अर्जावर अर्ज केले. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी शेवटचा अर्ज न उघडताच तिच्या हातात परत ठेवला.

"कविता छान करता, बाई. त्यातच मन रमवा."

आलोयझी पाच वर्षं थांबला. मग खाणीतलं काम आटलं आणि तो फ्रान्समधल्या खाणीवर गेला. जाताना म्हणाला, "कायदा बदलला की कळव. असेन तिथून येईन."

आधी महिन्याला पत्र यायचं, पुढे नुसतं नाताळला. तिच्या कवितांचं चिमुकलं पुस्तक निघालं. पहिली प्रत तिनं त्यालाच धाडली. पोचल्याचं कळलं नाही.

अडतीस साली कायदा उठला. ओटिलियाला एकेचाळिसावं लागलं होतं. तिनं त्याच दिवशी पत्र टाकलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. तिकडच्या एका विधवेशी त्यानं तीन वर्षांपूर्वीच लग्न केलं होतं. सांगायचा धीर झाला नव्हता.

"काय म्हणतोय गं?" आईनं विचारलं.

"बरा आहे."

"येतोय कधी?"

"काम फार आहे म्हणे."

त्याच उन्हाळ्यात शाळेतल्या धाकट्या शिक्षिकेचं, हिल्डेगार्डाचं लग्न ठरलं. नोकरी राखून लग्न करणारी त्या शाळेतली ती पहिलीच. हेडमास्तरांनी ओटिलियाला गाठलं. चार ओळी तुम्हीच लिहा, म्हणाले, दुसरं कोण लिहिणार? तिला नाही म्हणायला कारण सुचेना.

तिनं लिहिलं, मेजवानीत उभं राहून वाचलंही. पाहुण्यांनी पुन्हा वाचायला लावलं. हिल्डेगार्डा तिच्या गळ्यात पडून रडली.

"बाई, आमच्या मनातलं तुम्हाला कसं हो कळतं?"

 आईसाठी लग्नाच्या केकचा तुकडा कागदात गुंडाळून ओटिलिया घरी निघाली.